ऐब कोणी सांगायचा?

अमेरिकेत पॅकार्ड नावाची एक मोटार बनत असे. बड्या श्रीमंतांची गाडी. विसाव्या शतकाच्या आरंभापासून तिच्या जाहिरातीत एक वाक्य ठरलेले असायचे. मराठीत त्याचा अर्थ असा, की ज्याच्याकडे ही गाडी आहे त्यालाच विचारा. कंपनी स्वतःची तारीफ करीत नाही, मालकाची साक्ष काढते. कंपनीच्या जन्माची हकिकतही ऐकण्यासारखी आहे. जेम्स वॉर्ड पॅकार्ड या गृहस्थाने १८९८ साली विंटन कंपनीची मोटार विकत घेतली आणि ती सारखी बिघडू लागली. तक्रार घेऊन गेला तेव्हा विंटनसाहेबाने त्याला ऐकवले, इतके कळते तर स्वतःच बनवून दाखव. पॅकार्डने १८९९ मध्ये ओहायो राज्यातल्या वॉरेन गावी खरोखरच बनवून दाखवली. एवढी नामांकित मोटार, पण तिचा जन्म एका नाडलेल्या गिऱ्हाइकाच्या रागातून झाला. १९५८ नंतर पॅकार्ड बनली नाही. तिच्या जाहिरातीने उभा केलेला प्रश्न मात्र आजही रोज गॅरेजागॅरेजांतून उभा राहतो. जुनी वस्तू विकली जाते तेव्हा तिच्याविषयी खरे कोणाला विचारावे? आणि ज्याला ते ठाऊक आहे त्याने, कोणी विचारले नाही तरी, सांगावे की गप्प राहावे?

कड्यात बसून पॅकार्डची चर्चा केलेली पाहून कोणी हसेल. नगर-जामखेड रस्त्यावरचे आमचे गाव. बाजार समितीत कांद्याचे टेम्पो, रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टर आणि जुन्या जीपा. रेल्वेदेखील २०२२ साली आली. अमेरिकन मोटार इथे कोणाच्या दारात उभी नाही. तरी ती आम्हाला अगदीच परकी नाही. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि हैदराबादच्या पुरानी हवेलीतल्या निजाम संग्रहालयात रोल्स रॉईस आणि जॅग्वार यांच्या जोडीला एक पॅकार्डही मांडून ठेवलेली आहे. मुंबईत तर जनरल मोटर्सने १९२८ पासून शिवडीला अमेरिकन गाड्यांची जुळणी चालवली होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो बाहेर पडू लागल्या. १९५४ साली जनरल मोटर्सने शिवडीचा गाशा गुंडाळला, परदेशी गाड्यांच्या आयातीवर कडक बंधने आली, आणि देशात जेवढ्या गाड्या होत्या तेवढ्याच जपत बसणे शौकिनांच्या नशिबी आले. 'जपलेली जुनी अमेरिकन गाडी' ही चीज आपल्याकडे अशी तयार झाली. आज तिला मोठी किंमत येते. किंमत आली की प्रश्नही आलेच.

विकताना मालक म्हणतो, आम्ही गाडी फार जपली. यातला 'आम्ही' कोण, हे जरा तपासून पाहावे. मालकाने गाडी सुटीच्या दिवशी फिरवली, पाहुण्यांना दाखवली, पुतण्याच्या लग्नात नवरदेवासाठी सजवली. पण सहा व्होल्टची वायरिंग जळाली तेव्हा ती रात्र जागून कोणी बदलली? कारखानाच बंद झाल्यावर न मिळणारे बुश लेथवर कोणी उतरवून घेतले? चोरबाजारात आणि कुर्ल्याच्या भंगारात चार-चार दिवस फिरून दाराची एक मूठ कोणी शोधून आणली? मिस्त्रीने. मुंबई-पुण्यापासून नगर-बीडपर्यंत या धंद्यात आपली माणसे किती आहेत, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. शाळेत शिकवणाऱ्यालाही आपण उस्ताद म्हणतो आणि गॅरेजात पोराच्या हाती पाना देणाऱ्यालाही उस्तादच म्हणतो. आमच्या उर्दू शाळेतली बरीच मुले दहावीनंतर, काही तर त्याआधीच, या दुसऱ्या उस्तादाकडे जातात.

तेव्हा गाडीचा खरा जाणकार मालक नसतोच. मालकाला तिची ऐट ठाऊक असते, मिस्त्रीला तिचे ऐब. पत्रा गंजून भोक पडले की तिथे लांबी भरून वर रंग मारतात. डोळ्याला काही दिसत नाही, चुंबक लावला तर तो मात्र चिकटत नाही. त्या काळच्या मैलांच्या मीटरला पाचच आकडे. ९९,९९९ झाले की पुन्हा शून्य. त्यामुळे ४०,००० मैल दाखवणारी गाडी १,४०,००० मैल चाललेली असू शकते, आणि त्यात मीटरने कोणतीही लबाडी केलेली नसते. सगळ्यात मोठी गोष्ट इंजिनाची. १९७३ नंतर पेट्रोल महागले. लिटरमागे चार-पाच किलोमीटर चालणारी आठ सिलिंडरची गाडी पोसणे भल्याभल्यांना जड झाले. कित्येकांनी मूळ इंजिन उतरवून डिझेलचे बसवून घेतले. त्या वेळी तो शहाणपणा होता. पुढे शौकिनांचा बाजार वाढला तेव्हा काहींनी डिझेल काढून दुसऱ्याच एखाद्या मोडीत निघालेल्या गाडीचे पेट्रोल इंजिन आणून चढवले. आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला.

२०२१ साली केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. २०,००० रुपये फी, १० वर्षांची मुदत, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. अशी गाडी रोज रस्त्यावर फिरवायची नाही; प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच काढायची. आणि अट अशी, की चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. पन्नास वर्षांपूर्वीचा शहाणपणा असा आज ऐब ठरला. तो ऐब नुसता मनाला लागणारा नाही, किंमत पाडणारा आहे.

आमचा एक जुना विद्यार्थी पुण्यात अशाच गाड्यांची कामे करणाऱ्या एका गॅरेजात आहे. रमजान ईदला गावी आला तेव्हा त्याने एक प्रसंग सांगितला. साठच्या दशकातली शेवरले इंपाला, आरशासारखी चकचकीत. मालकाने विकायला काढली होती. इंजिन बदललेले होते, इंजिनावर नंबर असतो त्या जागी रंगाचा जाड थर होता, आणि तो थर या पोराच्याच हाताने चढला होता. गिऱ्हाईक आले. व्हिंटेजची नोंदणी करून रॅलीत उतरवायची असे ते सांगत होते. मालक फोन घ्यायला आत गेला तेव्हा गिऱ्हाइकाने याला हळूच विचारले, इंजिन मूळचेच आहे ना? हा म्हणाला, साहेब, ते मालकांना विचारा. बिचाऱ्याने पॅकार्डची जाहिरात आयुष्यात वाचलेली नाही, पण शब्द नेमके तिचेच आले. मालक बाहेर आला, 'एकदम ओरिजिनल' म्हणाला, सौदा झाला, आणि जाताना त्याने या पोराच्या खिशात दोन हजार रुपये कोंबले. पोराचा सवाल असा होता, 'सर, खोटं तर मी बोललो नाही. मग हे पैसे हलाल की हराम?'

फतवा देणे हे आमचे काम नाही; त्यासाठी मुफ्तीसाहेब आहेत, आणि त्यांच्याकडे जा असे आम्ही त्याला सांगितलेही. पण नीतीचा प्रश्न मुफ्तीसाहेबांच्या दारात ठेवून मोकळे होता येत नाही. तो आपल्यालाही सोडवावा लागतो.

कायद्याला विचारावे तर तो या बाबतीत फार उदार आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात १७ वे कलम फसवणुकीचे आहे आणि त्याखाली एका घोड्याची उदाहरणे दिली आहेत. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक असते, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. पुढचे उदाहरण असे, की घेणारी जर त्याची स्वतःची, नुकतीच वयात आलेली मुलगी असेल, तर मात्र त्याने सांगणे कर्तव्य ठरते. त्याच्याही पुढचे असे, की घेणारा म्हणाला, तू नाही म्हटले नाहीस तर मी घोडा निर्दोष समजेन. आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणे म्हणजे बोलणेच. आम्हाला यातले मधले उदाहरण फार बोलके वाटते. इंग्रजांच्या त्या कायदेपंडितांना खरे काय ते चांगले उमगलेले होते. मुलीला फसवू नये हे त्यांना पटत होते. एवढेच की परक्याला मुलीच्या जागी ठेवायला ते तयार नव्हते.

आपल्या हनफी फिक्हमध्येही, कोणत्याही ऐबाची जबाबदारी माझ्यावर नाही अशी अट आधीच घालून केलेला सौदा वैध धरला जातो. जुन्या गाडीच्या जाहिरातीत 'जशी आहे तशी' असे लिहितात, तोच हा प्रकार. पण आमच्या समजुतीप्रमाणे त्या अटीने सौदा टिकतो एवढेच. जाणूनबुजून रंगाखाली दडवलेला नंबर त्या अटीने उघडा होत नाही. पैगंबर साहेबांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि आत ओल लागली, तेव्हा त्यांनी विकणाऱ्याला हेच विचारले होते, की भिजलेले धान्य वर का ठेवले नाही? हा प्रसंग आमच्या वर्गातली लहान मुलेही सांगतात.

पण ते धान्य त्या विकणाऱ्याचे स्वतःचे होते. आमच्या पोराची गाडी त्याची स्वतःची नव्हती. म्हणून त्याच्या सवालाला जवळची हकिकत दुसरीच आहे. हजरत वासिला बिन अस्का (रजि.) यांची. इमाम गझालींनी (रह.) ती 'इह्या उल उलूम'मध्ये दिली आहे, सनदीची चर्चा आलिमांवर सोपवू. एका माणसाने ३०० दिरहमला उंट विकला. वासिला तिथेच होते, पण त्यांचे लक्ष नव्हते. गिऱ्हाईक उंट घेऊन निघाले तेव्हा ते त्याच्या मागे धावले आणि विचारले, हा उंट मांसासाठी घेतलास की सवारीसाठी? तो म्हणाला, सवारीसाठी. तेव्हा त्यांनी सांगितले, याच्या खुरात भोक आहे, लांबच्या मजलीला हा टिकणार नाही. गिऱ्हाईक परत फिरले, विकणाऱ्याला १०० दिरहम कमी करावे लागले, आणि तो वासिलांना म्हणाला, अल्लाह तुमच्यावर रहम करो, माझा सौदा तुम्ही बिघडवलात. त्यावर वासिला जे म्हणाले त्याचा आशय असा, की विकणाऱ्याने ऐब लपवू नये आणि ज्याला ऐब ठाऊक आहे त्यानेही न सांगता राहू नये, असे आम्ही रसूलुल्लाहांकडून (स.) ऐकले आहे.

या हकिकतीत त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो. मांसासाठी की सवारीसाठी? मांसासाठी घेणाऱ्याला खुरातले भोक हा ऐबच नाही. नुसत्या घरच्या शौकासाठी कोणी ती इंपाला घेतली असती तर बदललेले इंजिन ही साधी माहिती होती. व्हिंटेजच्या नोंदणीसाठी घेणाऱ्याला ती सगळ्या सौद्याची कळ होती. आणि गिऱ्हाइकाने तर आपला हेतू स्वतःहून सांगितला होता. म्हणून, मी खोटे बोललो नाही, हे पोराचे म्हणणे अक्षरशः खरे असूनही पुरेसे नाही. करार कायद्यातल्या तिसऱ्या घोड्यासारखे त्याचे गप्प राहणे बोलून गेले होते.

इथपर्यंत विचार सोपा आहे. पुढे तो अडतो. वासिला हे सुफ्फावाल्यांपैकी, म्हणजे गरिबांतले गरीब. तेव्हा गरिबी हे सबब सांगण्याचे कारण होऊ शकत नाही, असे कोणी म्हणेल. पण उंट विकणाऱ्यावर त्यांची रोजी अवलंबून नव्हती. सौदा बिघडला म्हणून तो माणूस फार तर रागावणार होता. आमच्या पोराची गोष्ट तशी नाही. मालक उस्तादाचा जुना गिऱ्हाईक, उस्ताद याचा मालक, घरी म्हातारी आई आणि बहिणीचे लग्न. साऱ्या व्यवहारात सर्वांत कमी मिळकत ज्याची, त्यानेच सत्याचा सर्वांत मोठा खर्च उचलावा, ही मागणी आम्हाला जुमा मशिदीतल्या पंख्याखाली बसून करता येते. गॅरेजात उभे राहून ती जड जाते. नीतीवर लिहिणारे बहुधा पगारदार असतात, आम्हीही आहोत.

कुराणातली सर्वांत लांब आयत देण्याघेण्याच्या हिशेबाची आहे, सूरह बकराची २८२ वी. मुदतीचे देणे लिहून ठेवा, सौदा करताना साक्षीदार ठेवा, असे तिच्यात सांगितले आहे, आणि त्याच्याच पुढे, लिहिणाऱ्याला व साक्षीदाराला इजा पोहोचू देऊ नका, असेही बजावले आहे. पहिला भाग वाजात पुष्कळ ऐकू येतो, दुसरा क्वचित. मिस्त्री हा गाडीच्या सौद्यातला साक्षीदारच आहे. त्याने बोलावे असे म्हणणाऱ्यांवर, तो बोलल्यामुळे उपाशी राहणार नाही हे पाहण्याची जबाबदारी येते. सर्वांत आधी ती येते विकणाऱ्यावर. त्याने गिऱ्हाइकाच्या देखत मिस्त्रीला म्हणावे, जे ठाऊक आहे ते सांग. ही मुभा ज्याने दिली नाही, त्याने खोटा शब्द उच्चारला नसला तरी मिस्त्रीचे तोंड बांधले, आणि त्या बांधण्याचा भार मिस्त्रीपेक्षा त्याच्या मानेवर अधिक आहे, असे आम्हाला स्पष्ट वाटते.

अर्थशास्त्रातही हा प्रश्न जुन्या मोटारींवरूनच मांडला गेला आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली एक लेख लिहिला. तीन नियतकालिकांनी नाकारल्यावर तो छापला गेला आणि त्यासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल मिळाले. मुद्दा थोडक्यात असा. विकणाऱ्याला गाडीचे खरे रूप ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. मग घेणारा प्रत्येक गाडी खराबच असेल असे धरून भाव पाडतो. त्या पडलेल्या भावात चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि खराब तेवढ्या उरतात. एकाच्या गप्प राहण्याने दुसऱ्या प्रामाणिक माणसाची खरोखर जपलेली गाडी मातीमोल होते, असा याचा अर्थ. काष्टीच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी दात मोजतो, चालवून पाहतो, खोड आहे का म्हणून तीनदा विचारतो, ते यासाठीच.

इथे आणखी एक बाजू येते आणि ती टाळून चालणार नाही. जे खरे बोलायचे ते आपल्या माणसाशी, परक्याशी धंदा वेगळा, अशी भाषा अधूनमधून कानावर येते. आमच्या मते ती दीनाला धरून नाहीच, शिवाय वेडेपणाचीही आहे. आपल्या मिस्त्रीकडे येणारी बहुतेक गिऱ्हाइके दुसऱ्या समाजाची असतात. त्याच्याजवळ जमीन नाही, भांडवल नाही. 'अमुक मिस्त्रीच्या हातची गाडी आहे, डोळे मिटून घ्या' एवढा एक शब्दच त्याची पुंजी.

कधी कधी पारडे उलटे असते. घरातला शौकीन माणूस गेलेला, गाडी शेडमध्ये झाकून ठेवलेली, आणि विधवा बाईला ती लवकर निघावी असे वाटते. घेणारा व्यापारी जाणता. त्याला एका नजरेत कळते की इंजिन मूळचे आहे, काच मूळची आहे, पण तोंडाने तो भंगाराचाच भाव सांगतो. इथे गाडीची खूबी लपवली जाते, आणि लपवणारा घेणारा असतो. हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांच्या नोकराने त्यांच्यासाठी ३०० दिरहमला घोडा ठरवला होता. घोडा पाहून ते विकणाऱ्याला म्हणाले, तुझा घोडा याहून चांगला आहे, ४०० घेशील? आणि असे वाढवत त्यांनी ८०० दिरहम दिले. आजच्या कोणत्या खरेदीदाराने असे केले तर लोक त्याला खुळ्यात काढतील. आम्हीही ८०० पर्यंत पोहोचलो नसतो बहुधा. पण भंगाराचा भाव सांगणारा आणि नंबरावर रंग फासणारा, दोघे एकाच जातीचे, हे जरीरांच्या घोड्यामुळे नीट दिसते.

आता त्या दोन हजारांचे. आम्ही पोराला म्हणालो, एकच पाहा. तू खरे बोलला असतास तर मालकाने हे पैसे दिले असते का? दिले असते, तर ते बक्षीस. नसते दिले, तर ती तुझ्या गप्प राहण्याची किंमत. त्याने मान खाली घातली, म्हणजे उत्तर त्याला ठाऊकच होते. दुसरे असे, की वासिला गिऱ्हाईक निघाल्यानंतर मागे धावले होते, तेव्हा वेळ गेलेली नाही. पण एकट्याने धावू नकोस. उस्तादाला सांग. ज्याचा शब्द मोठा त्याने तो खर्च करावा.

त्याने सांगितले. उस्ताद दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने मालकाला फोन केला, आणि नंतर गिऱ्हाइकाला. मालकाची दुसरी गाडी त्या गॅरेजात पुन्हा आली नाही. दोन हजार रुपये पोराने उस्तादाच्या गल्ल्यात वेगळे ठेवून दिले आहेत; गिऱ्हाईक इंजिनाच्या कामाला आले तर बिलात वळते करायचे म्हणून.

उस्तादाने आता एक जाड वही घातली आहे. गाडी कामाला आली की चासी नंबर, इंजिन नंबर, काय काढले, काय बसवले, कुठून आणले, हे त्यात लिहायचे आणि त्याच दिवशी मालकाची सही घ्यायची. विक्रीचा विषयही निघालेला नसतो तेव्हा सही करायला कोणी का-कू करीत नाही, असा त्याचा अनुभव. गाडी विकली गेली तर त्या पानांची झेरॉक्स गाडीबरोबर जाते. गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना आरटीओत २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरावे लागतात. त्यांत विकणाऱ्याचे नाव असते, घेणाऱ्याचे असते, चासी आणि इंजिनाचे नंबर असतात. मिस्त्रीच्या नावाला तिथे रकाना नाही.